नैवेद्याआधीची साखर

आमच्या ह्यांना मधुमेह आहे, हे दापोडीच्या चाळीत सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तरी कुणाकडे बारसं असो की बढती, पेढा पुढे यायचाच. "वहिनी, एका पेढ्यानं काय होतंय?" नाही म्हटलं की माणसं रुसायची, आणि कुणी रुसलेलं ह्यांना खपायचं नाही. म्हणजे सकाळी सुई उकळून टोचायची मी आणि दिवसभर वाईटपणा घ्यायचा तोही मीच.

ह्यांच्या कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे, घरच्यांनाही बोलावणं असे. पूजा होईपर्यंत कामगारांनी तोंडात काही घालायचं नाही, ही तिथली रीत. नऊला पूजा, लगेच जेवण, या भरवशावर मी इन्सुलिन टोचलं. टोचल्यावर वेळेत खायलाच हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणजे ती चूक माझी. पण पूजेला बसणारे साहेबच आले नाहीत. साडेदहा वाजले.

हे घामानं निथळू लागले, काहीबाही बरळले आणि लेथचा आधार घेत खाली बसले. फोरमन म्हणाला, "सणाच्या दिवशी टाकून आलाय. पोलिसांना बोलवा." दारूबंदीचे दिवस होते. नोकरी तर जाणार होतीच, पण मला माणूस जाताना दिसत होता.

"साखर द्या, त्यांची साखर उतरलीय," मी म्हटलं. गणपतीत ह्यांना बळेबळे दोन मोदक भरवणारा तोच फोरमन मला म्हणतो, "मधुमेहाला साखर? मारता काय त्यांना? आणि नैवेद्य व्हायचाय अजून."

आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मी सरळ पूजेतली साखरेची वाटी उचलली, तांब्यातल्या पाण्यात ओतली, बोटानं ढवळली आणि ह्यांना घोट घोट पाजली. एवढी माणसं उभी होती, डोकं धरायला एकही वाकला नाही.

पंधरा मिनिटांनी ह्यांनी मला ओळखलं. मग रिकामी वाटी पाहिली, भोवतालचे चेहरे पाहिले, आणि बसल्या जागी फोरमनला हात जोडले. "चुकलं. देवाच्या आधी खाल्लं."

"असू दे राव," फोरमन मोठ्या मनानं म्हणाला.

मी ते हात धरून खाली ओढले.