दुरुस्ती की सुधारणा

आमच्या नांदेडच्या घरमालकांइतका ठाम माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरी लागल्यावर मी त्यांच्या वरच्या खोल्या भाड्यानं घेतल्या. लातूरला सीए असलेल्या भाच्यानं त्यांना एकदा समजावलं होतं, की कर लावताना भाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजा होतात, दुरुस्ती करा किंवा करू नका. घरात नवी सुधारणा केली, तर मात्र तो खर्च पुढं घर विकताना कर वाचवायला कामाला येतो. झालं! त्या दिवसापासून दुरुस्ती हा त्यांच्या लेखी शुद्ध मूर्खपणा ठरला. माझा नळ गळू लागला तेव्हा म्हणाले, "सर, दुरुस्तीची सूट मला तशीच मिळून राहिली. मग नळाला हात कशाला लावू?" मी सोलर हीटर मागितला, तो लगेच गच्चीवर बसला. नळ गळतच राहिला, फक्त आता गरम पाणी गळू लागलं. दार खालून कुजलं, तर त्याला फळी ठोकली नाही. त्याच्या शेजारी भिंतीत नवी खिडकी काढून दिली. शेवटी काकूंनीच, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, गुपचूप प्लंबर बोलावला. म्हणाल्या, "मनावर नका घेऊ सर, लई हुशार हायत, म्हणून असं होतं."

मागच्या वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला. जीव वाचला, पण व्हीलचेअर आली आणि ओट्याच्या पायऱ्यांमुळं त्या घरातच अडकल्या.  मग एका सकाळी घरमालक गवंडी घेऊन आले. पायऱ्यांच्या जागी उतार झाला, न्हाणीघराचं दार रुंद झालं, भिंतींना धरायला स्टीलचे दांडे लागले.

काकूंना भेटायला आलेला भाचा ते पाहून खूश झाला. "मामा, ही तर शंभर टक्के सुधारणा! बिलं जपून ठेवा."

"सुधारणा कशाची? ही पहिल्यासारखी अंगणात यावी म्हणून केलं. होतं तसं करायचं, ती दुरुस्तीच न्हाई का?"

"पण मामा, कायद्यानं..."

"कायदा राहू दे. तू हाव म्हण."

भाच्यानं माझ्याकडं बघत होकारार्थी मान हलवली, "हाव."

संध्याकाळी ते काकूंना फाटकापर्यंत घेऊन आले. काकूंची जीभ अजून अडखळत होती, तरी मेथीच्या जुडीवरून त्यांनी भाजीवाल्याशी चांगलं भांडण काढलं. घरमालक मागं उभे होते. खुर्चीला ब्रेक लावलेला होता, तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.