मेलेला माणूस स्वतः उठत नाही

माझ्या बाबांनी एका माणसाला पाण्याखाली सोडून दिलं. भर उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, पाळकसाहेबांच्या डोळ्यांदेखत. मी पहिल्याच बाकावर बसले होते, त्यामुळे मला ऐकीव काही सांगायचं नाही. जे पाहिलं ते सांगते.

बाबा गवंडी. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, आईसुद्धा रागावली की म्हणते. आमच्या चर्चमधली बाप्तिस्म्याची टाकी त्यांनीच बांधली. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली छातीभर पाण्याची टाकी, आत उतरायला पायऱ्या. ती गळू नये म्हणून त्यांनी आतून सिमेंटचा असा गुळगुळीत हात मारलाय की तसा आमच्या घरातल्या मोरीलाही नाही. आई हे दर आठवड्याला ऐकवते.

टाकी भरायची, धुवायची, बाप्तिस्म्याच्या दिवशी पाण्यात पाळकसाहेबांच्या समोर उभं राहायचं, हे सगळं बाबांकडे. पाळकसाहेब म्हणजे काडीपैलवान. ते माणसाला पाण्यात आडवं करू शकतात, पण वर काढणं त्यांच्या आवाक्यातलं नाही. वर काढतात बाबा. म्हणून तयारीही बाबाच करून घेतात. कोरड्या टाकीत माणसाला उभं करून सांगतात, "छातीवर हात बांध. अंग सैल सोड. धडपड केलीस तर तूही घसरशील आणि आम्हीही. हे पुरणं आहे, समजलं? मेलेला माणूस स्वतः उठत नाही. आम्ही उठवतो."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. पांढरे झगे मी शिवते, घेर पाण्यावर तरंगू नये म्हणून त्यात वायसर, म्हणजे नटाखालच्या लोखंडी चकत्या, घालून टीप मारते, आणि बाहेर बसून दर वेळी तेच ऐकते. पाठ झालं होतं. कळलं मात्र नव्हतं.

बाबांचं एक दुखणं होतं, ते आधी सांगायला हवं. तरुणपणी ते आणि माझा धाकटा काका एकाच बांधकामावर होते. एका सकाळी वर चढायची बांबूंची परांची बांधणारा वेळेवर आला नाही, म्हणून एका टोकाची गाठ बाबांनी स्वतः मारली. चहानंतर काका वर चढला, बांबू निसटला आणि काका खाली आला तो गेलाच. बाबा तिथेच ओरडले, "माझी गाठ! माझी गाठ सुटली!" सगळ्यांनी ऐकलं. आजीच्याही कानावर गेलं. त्यानंतर आजी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. जेवायला वाढायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. ती गेली तीही तशीच.

तेव्हापासून बाबा कधी परांचीवर चढले नाहीत. फरशी, मोरी, जोतं, जे काम जमिनीवर असेल तेवढंच घ्यायचे. आणि दिसेल ती गाठ ओढून बघायचे. माझ्या दप्तराची, आईच्या कपडे वाळवायच्या दोरीची, दुकानातल्या पुड्याची. माझ्या लग्नात त्यांनी मांडवाच्या प्रत्येक खांबाजवळ जाऊन दोर ओढला, तेव्हा सासरची माणसं, आमच्याच गल्लीतली, एकमेकांकडे बघून हसली. मला त्यांचा इतका राग आला होता की विचारू नका.

टाकी बांधून झाल्यावर पहिला बाप्तिस्मा बाबांनीच घेतला. जुना माणूस पाण्यात राहतो आणि नवा वर येतो, असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. बाबा वर आले, अंग पुसलं, आणि बाहेर पडताना व्यासपीठावरच्या पडद्याची गाठ ओढून पाहिली. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "झालं! जुनाच आलाय वर!"

आता लंबूकाका. तोच परांची बांधणारा. बांबूसारखा उंच, पंजा असा की त्यात माझं डोकं मावेल. त्या अपघातानंतर तो काम सोडून कुठेतरी निघून गेला होता. एवढ्या वर्षांनी परत आला तेव्हा दारूने पार पोखरलेला होता. बाबांनी त्याला घरात घेतलं. आमच्या पडवीत त्याची खाट पडली, आईने कुरकुर करत त्याला जेवू घातलं, बाबांनी त्याला चर्चमध्ये नेलं. हळूहळू त्याची दारू सुटली. बाप्तिस्मा घ्यायचा म्हणाला तेव्हा बाबांना कोण आनंद! टाकीत तो मावेल का, म्हणून स्वतः आडवे होऊन माप घेतलं.

आमच्याकडे साक्ष पाण्यात उभं राहून द्यायची रीत आहे. काय मागे टाकतोयस ते सांगायचं आणि मग पाण्यात जायचं. बहुतेक लोक राग, व्यसन, खोटं बोलणं असलं काहीतरी सांगतात. त्या रविवारी लंबूकाका मी शिवलेल्या झग्यात, गुडघे जरा वाकवून उभा होता. एका बाजूला पाळकसाहेब, एका बाजूला बाबा. बाबांचा हात त्याच्या पाठीवर.

तो म्हणाला, "मिस्त्रीची गाठ पक्की होती."

कुणाला काही कळलं नाही. आईला कळलं. तिने माझं मनगट धरलं.

"मी उशिरा आलो, सगळे चहाला गेले होते. दुसऱ्या टोकाला दोर कमी पडत होता. मिस्त्रीनं बांधलेली गाठ मी सोडली, अर्धा दोर काढून घेतला आणि उरलेल्याचा नुसता वेढा दिला. येऊन पक्कं करतो म्हटलं आणि प्यायला गेलो. परत आलो तर पोरगा खाली पडला होता, आणि मिस्त्री ओरडत होता, माझी गाठ, माझी गाठ. मी ऐकलं. मी काही बोललो नाही. इतकी वर्षं याच्या घरात जेवलो, तरी बोललो नाही."

पाळकसाहेबांची बुद्धीच चालेना, आणि बुद्धी चालली नाही की माणूस सवयीने वागतो. त्यांनी विचारलं, "विश्वास ठेवतोस?" तो म्हणाला, "हो." त्यांनी नेहमीचे शब्द म्हटले आणि त्याला मागे झुकवलं. बाबांचे हातही सवयीनेच त्याच्यासोबत खाली गेले. लंबूकाका पाण्याखाली गेला.

आणि बाबांनी हात काढून घेतले.

ते नुसते उभे राहिले. दोन्ही हात पाण्याबाहेर, तळवे स्वतःच्या तोंडासमोर, जणू ते हात पहिल्यांदाच बघत होते. पाळकसाहेब एकटेच ओढायला लागले. तो धिप्पाड देह, ओला झगा, घेरात मी शिवलेलं लोखंड. तो तसूभर हलेना. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्याही मनात आलं, राहू दे खालीच. माझ्या बाबांचा अख्खा जन्म खाल्ला यानं. चर्चमध्ये बसून मला हे वाटलं, आणि मलाच माझी भीती वाटली.

पण तो उठत का नव्हता? पाणी छातीभर. पाय टेकले असते तर लहान मूलही उभं राहिलं असतं. मी बाकावरून उठून काठाशी गेले आणि खाली बघितलं. तो छातीवर हात बांधून, अंग सैल सोडून पडला होता. डोळे उघडे. पाण्यातून बाबांकडे बघत होता. नाकातून बुडबुडे येत होते आणि तो हलत नव्हता. त्याला शिकवलं होतं तसंच तो करत होता.

"अहो, उचला त्याला!" आई किंचाळली.

"ऊठ ना!" बाबा ओरडले, आईवर नाही, पाण्यावर. "लंबू, ऊठ! ऊठ की रे!"

तो उठला नाही. बुडबुडे थांबले.

तेव्हा बाबा खाली गेले. डोक्यासकट गेले. दोन्ही हात त्याच्या काखेत घालून असे वर आले की पाणी पहिल्या बाकापर्यंत उडालं. लंबूकाका खोकत होता, ओकत होता, आणि बाबा त्याच्या पाठीवर दणादण मारत होते. मारत होते की वाचवत होते, मला आजही सांगता येणार नाही.

"गाढवा, उठायला काय झालं होतं?"

"तूच... तूच म्हणालास ना," तो धापा टाकत म्हणाला, "स्वतः उठायचं नाही."

बाबांनी त्याचा झगा मुठीत धरला. "पक्की होती गाठ?"

"पक्की होती."

"नीट सांग."

"पक्की होती, मिस्त्री. तुझी गाठ हत्तीनं ओढली तरी सुटली नसती."

बाबांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला. "आई गेली रे माझी," ते म्हणाले. "आता तिला कोण सांगणार?"

दोघं पाण्यात एकमेकांना धरून रडत राहिले. नंतर पाळकसाहेब आईला म्हणाले, "पुरणं आणि उठणं, हे मी इतकी वर्षं तोंडाने म्हणत होतो. आज बघितलं." आई म्हणाली, "बघितलंत ना, मग आता जरा व्यायाम करा."

मंडळीत कुजबुज झालीच. असा बाप्तिस्मा चालतो का, म्हणे. लंबूकाकाने आमच्या पडवीतून खाट उचलली आणि दुसरीकडे खोली घेतली. बाबा कित्येक आठवडे त्याच्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं. कुणी म्हणेल क्षमा म्हणजे लगेच गळामिठी, तर त्याने आमच्या घरात येऊन ती शांतता ऐकायला हवी होती. बाबा जेवताना मध्येच थांबायचे आणि भिंतीकडे बघत म्हणायचे, "पक्की होती." मग पुन्हा जेवायचे.

मग चर्चच्या पुढच्या भिंतीचा गिलावा सुटला, पार वर, छताच्या कडेला. नवा गवंडी बोलवायचं ठरत होतं. बाबा म्हणाले, "मी करतो." आईच्या हातातलं भांडं पडलं. "आणि परांची?" तिने विचारलं. "ती कोण बांधणार?"

"आहे की एक," बाबा म्हणाले आणि त्याला बोलवायला स्वतः गेले.

लंबूकाकाने परांची बांधली. शेवटची गाठ मारून तो बाजूला झाला आणि बाबांकडे बघत राहिला. आम्ही सगळे वाट बघत होतो, बाबा आता दोर ओढून बघणार. बाबांनी थापी कमरेला खोचली, एक पाय बांबूवर ठेवला आणि चढायला लागले. दोराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

लंबूकाका मटकन खाली बसला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागला.

मी काही बाबांएवढी मोठ्या मनाची नाही. ते वर पोचले तशी मी हळूच गेले आणि गाठ ओढून पाहिली. पक्की होती.