वेरोनानं पळवलेली म्हणे पोर

सिस्टर आगाता मुळात रोमा, म्हणजे जिप्सी, नव्हतीच, अशी कुजबूज स्लोव्हाकियातल्या आमच्या खोऱ्यात तीन पिढ्या चालत आली. म्हणे, ती गावातल्या कुणा गोऱ्या घरची लेक. जत्रेच्या गर्दीत वेरोना नावाच्या जिप्सी बाईनं शालीखाली लपवून पळवली. नाहीतर ओढ्यापलीकडच्या जिप्सी वस्तीतली पोर नन कशी होईल, गावाला औषधपाणी कशी करेल? गावाला हे फार पटायचं. मधूनच कुणीतरी सिस्टरच्या घाऱ्या डोळ्यांचा पुरावाही जोडायचं. वस्तीत घारे डोळे डझनभर होते, पण ते मोजायला ओढा कोण ओलांडणार?

वेरोना गेली, तिची लेक आगाताही गेली. उरली वेरोनाची नात, आगाताची भाची मार्गिता. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची, आणि माणसं त्याहून बारीक सोलायची. आजीला कुणी चोर म्हटलं की तिचं डोकंच फिरायचं. म्हणून सिस्टरवर सिनेमा काढायला ब्रातिस्लाव्हाची मंडळी आली तेव्हा तिनं केस काळे केले. आता पडद्यावर तरी आजीचं नाव धुऊन निघेल.

सिस्टर झाली होती राजधानीची एक नटी, लोण्यासारखी गोरी. वस्तीतल्या लोकांनाही कामं मिळाली: भिकारी, दारुडे, खिसेकापू. रंगभूषेची पोरगी मार्गिताच्या गालांना काजळी फासायला लागली.

"हे कशाला गं?"

"बाई, तुम्ही पुरेशा जिप्सी दिसत नाही."

"दुकानात शिरले की रखवालदार माझ्यामागं हिंडतो. त्याला पुरेशी दिसते."

आणि तिची भूमिका? वेरोनाची. पोर पळवणारीची.

ती तडक दिग्दर्शकापुढं उभी राहिली. लुबोर त्याचं नाव. बोलणं अगदी मधाळ.

"तुमच्याच माणसांना घेतलंय, बाई. आजवर कुणी घेत होतं का? सन्मान आहे हा."

"माझ्या आजीला चोर करायचा सन्मान?"

"लोक सांगतात तेच दाखवतोय. शिवाय नटीचा रंग बघा. ती तुमच्यातली कशी वाटेल?"

म्हणजे नटी गोरी म्हणून सिस्टर गोरी, आणि सिस्टर गोरी म्हणून आजी चोर. मार्गिता शाल भिरकावणारच होती, तेवढ्यात चुलतबहीण योलानानं हात धरला.

"तू सोडलंस तर हे काम पिश्ताची बायको करेल. हसत हसत करेल."

तेवढ्यात लुबोर म्हणाला, "इथं तुम्ही पोरीला घेऊन तुमच्या भाषेत काहीतरी पुटपुटायचं."

"काय?"

"काहीही. फक्त राग दिसू दे."

"काहीही चालेल?"

"काहीही."

मार्गितानं शाल पुन्हा पांघरली. पोर छातीशी घेतलं आणि थेट कॅमेऱ्यात बघत रोमा भाषेत म्हणाली, "ही माझ्या पोटची आहे. चोर तुम्ही आहात, हिला माझ्यापासून तोडताय. झडोत तुमच्या जिभा." मागं एका खिसेकापूनं हसू दाबायला बाही चावली. लुबोरचे डोळे भरून आले. म्हणाला, किती खरा राग.

खरंच होता.

हिवाळ्यात गावच्या सभागृहात सिनेमा लागला. गाव पुढच्या खुर्च्यांवर, वस्ती मागं भिंतीला टेकून. ते वाक्य आलं तशी मागच्यांनी जमिनीवर पाय आपटले. पण पडद्याखाली गावाच्या भाषेत अक्षरं उमटली: "गप, नाहीतर गळा दाबीन." पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आपलं पोर जवळ ओढलं.

मार्गिता उठली आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. नटीचा गोरा चेहरा तिच्या स्वेटरवर हलू लागला.

"खाली लिहिलंय ते मी बोललेच नाही," ती गावाच्या भाषेत म्हणाली, आणि आपलं वाक्य शिव्याशापासकट त्यांना सांगितलं.

"मार्गिता, खाली बस," सरपंच म्हणाला. "सिनेमा चालू आहे."

"माझ्या आजीवर चालू आहे. मी कशी बसू?" मग ती म्हाताऱ्या फादरकडं वळली. "जन्मनोंद तुमच्याच चर्चमध्ये आहे. तुम्ही बोला."

फादर बुटांकडं बघत राहिले.

"बुटांना काय ठाऊक असणार, फादर? तुम्हाला आहे."

यंत्र थांबलं, दिवे लागले. शेवटी फादर उठले आणि आधीच्या पाद्र्यांकडून ऐकलेलं त्यांनी सांगितलं.

आगाता वेरोनाच्या पोटी, वस्तीतच जन्मली. चोरीची गोष्ट त्या जुन्या पाद्र्यांनी पसरवली, कारण जिप्सी ननच्या हातून गाव औषध घेत नव्हतं.