दातिवऱ्याची वाळू तिसऱ्यांदा

दातिवऱ्याहून झाईपर्यंत समुद्राच्या कडेने चालत जायचं, असं मी ठरवलं होतं. झाई म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्याचं शेवटचं गाव, पलीकडे गुजरात. एकदा डहाणूच्या स्टँडवर एसटीच्या पाटीवर ते नाव वाचलं आणि डोक्यात बसलं. बाकी माझ्या डोक्यात काही बसत नाही. आयटीआय अर्ध्यात सोडला, जिम सोडली, ढोल पथक सोडलं. म्हणून वाटलं, ही एक गोष्ट तरी शेवटापर्यंत न्यावी.

ही माझी तिसरी सुरुवात. आधी दोनदा तारापूरच्या अलीकडेच सुटलं. मोबाइलमध्ये रोजची सवय मोजणारं एक ॲप आहे. एक दिवस खाडा पडला की त्यातली ज्योत विझते आणि आकडा शून्य. मग मीपण शून्य, परत दातिवरे. शिवाय ते रीलवाले, एसीत बसून सांगणार, सातत्य ठेवा, सातत्य ठेवा. त्यातल्या एकाला तरी भर दुपारी एडवणच्या वाळूत सोडायला पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. बोईसरहून गाडीने सफाळे, तिथून दातिवऱ्याला एसटी. एसटी चुकली तर शेअर रिक्षा, पण ती भरेपर्यंत हलत नाही. सुटे पैसे ठेवा. पाणी भरून घ्या. भरतीची वेळ गावात विचारूनच निघा, नाहीतर खाडीपाशी उभे राहाल माझ्यासारखे.

दातिवऱ्याला उतरलो तर बोटी नांगरलेल्या, चारपाच माणसं सावलीत पत्ते खेळत बसलेली. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि एक मावशी खालचे गळालेले उचलत होती. मी आपलं सहज विचारलं, "आज खाडा काय?"

"खाडा कसला? भांग हाय," पत्ते पिसणारा म्हणाला.

आम्ही जळगावकडचे. आमच्याकडे भांग म्हणजे एक तर केसांचा, नाहीतर प्यायची. मी म्हटलं, "सकाळी सकाळी?"

सगळे असे हसले की एकाच्या हातातले पत्ते पडले. मावशी मात्र हसली नाही.

"प्यायची नाय रे, पान्याची भांग. अष्टमीच्या टायमाला पान्याला जोर नसते. पानी धावत नाय तर डोलीत मासली कशी येल? तुज्या मोबाइलवर बोलावू?" डोल म्हणजे त्यांचं मोठं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालणारं. मग तिने माझ्या बॅगकडे बघितलं. "तू मागं पन आलेलास ना? ही पिवली बॅग मी वलखते. झाईला चाललेलास."

"तेव्हा तारापूरच्या जवळपर्यंत गेलो. मग खाडा पडला."

"मंग आता परत हितनं कशाला? तारापूरपर्यंतचा रस्ता कोनी उचलून नेला काय?"

"नियम आहे मावशी. सुटलं की पहिल्यापासून."

"कोनाचा नियम?"

मोबाइलचा, हे सांगायची लाज वाटली. मागून पत्तेवाला म्हणाला, "जाऊ दे गं, त्याला आपलं गाव आवडलंय." परत हसले. मी पाणी न भरताच निघालो. एवढा राग आला होता.

तो राग कोरे गावापर्यंत पुरला. वाळू तीच, वाहून आलेल्या चपला त्याच, बाटल्याही त्याच असतील. दोनदा बघितलेला समुद्र तिसऱ्यांदा बघताना समुद्र वाटत नाही, शिक्षा वाटते. एडवणला पोरांचं क्रिकेट चाललं होतं. त्यांना एक माणूस कमी होता आणि मी थांबलो. कॅच सोडला, शिव्या खाल्ल्या, दुपार गेली. हे असं होतं माझं. केळव्याला पोचेपर्यंत अंधार. तिथे सुरूच्या बनामागे घरगुती खोल्या मिळतात, शनिवार सोडून गेलात तर भाव कमी होतो. जेवणात तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. त्या कालवणावर मात्र माझा काही राग नाही.

दुसऱ्या दिवशी माहीम, शिरगाव, सातपाटी. शिरगावचा किल्ला बघायचा नाही असं ठरवून बघितला. सातपाटीहून पालघरला रिक्षा सतत मिळते, आणि तीच खरी अडचण आहे. रिक्षावाला स्वतः हाक मारतो, "बसा ना दादा, एकच सीट." एक सीट नेहमी माझ्यासाठीच उरलेली असते. नाही बसलो. होडीने खाडी ओलांडून मुरब्याला उतरलो. पुढे नवापूरकडे नाकाला रुमाल लावूनच चाललो. खाडीच्या पाण्याचा रंग मी सांगत नाही, जाऊन बघा. कुठल्या कारखान्याचं पाणी ते विचारलं तर सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. जाळं धुणारा एक जण म्हणाला, "फोटू काडून काय करनार? मागल्यांनी पन काडलेले." मोबाइल खिशात ठेवला.

आता माझी मुख्य भानगड. नवापूरच्या पुढे किनाऱ्याने सरळ जाता येत नाही. खाडी आहे, मग अणुऊर्जा केंद्राचं कुंपण. तिकडे फिरकू नका, फोटोही काढू नका. किनारा सोडून आत बोईसरला यायचं आणि तारापूरच्या रस्त्याने चिंचणीला परत समुद्राला लागायचं. आणि त्या रस्त्यावरच आमची खोली आहे. दादा, वहिनी आणि मी राहतो ती. एवढ्या मोठ्या किनाऱ्याची वाट नेमकी माझ्या दारावरून जाते.

दोन्ही वेळा तिथेच घात झाला. तिसऱ्यांदाही झाला. वहिनीने आमच्या जळगावकडची कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर ठेवला. दादा शिफ्ट करून आलेला, बनियनवर बसून म्हणाला, "आला का गुजरात फिरून?" सकाळी पाय उचलेना. त्यात मी कामाला जातो तिथल्या पॅकिंगच्या सुपरवायझरचा फोन, "फर्स्ट शिफ्ट में आ जा, आदमी नहीं है." गेलो. ज्योत विझली. आकडा शून्य.

खोक्यांना टेप मारताना आठवडाभर मी त्या मावशीशी मनातल्या मनात भांडत होतो. तुमचं बरं आहे, तुमची भांग पंचांगात आहे, माझी कुठे लिहिलीय? भांडता भांडता एक लक्षात आलं. भांग उतरली की त्यांची बोट जाते. पाण्याला जोर नव्हता म्हणून डोल उसवून पहिल्यापासून विणायला कोणी बसत नाही. मी मात्र दर वेळी तेच करत आलो.

पुढच्या सुट्टीला बॅग घेतली. दादा म्हणाला, "दातिवऱ्याची गाडी गेली."

"मी इथूनच जाणार आहे."

"मग ते मोजणार कोण?"

ॲप काढून टाकलं आणि दारातूनच उजवीकडे वळलो.

रस्त्यात ट्रकची धूळ, हॉर्न, कडेला चालायला जागा नाही. तारापूरला चहा प्यायलो आणि दुपारच्या आत चिंचणीच्या वाळूवर उभा होतो. आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की मी खालीच बसलो. हा न बघितलेला समुद्र माझ्या दारापासून एका सकाळच्या अंतरावर होता, आणि मी तीन वेळा मागे जाऊन तीच एडवणची वाळू तुडवत होतो. एका मोबाइलच्या ज्योतीसाठी. बाजूला भेळवाला होता. तो म्हणाला, "बरं नाय काय वाटत?" म्हटलं, वाटतंय, भेळ दे. तिखट मागितली, त्याने गोड दिली. खाल्ली.

तिथून वरोरपर्यंत गेलो. ते सगळं नवीन होतं. मग पाय संपले आणि मी रिक्षाने वाणगावला, तिथून गाडीने परत आलो. रिक्षात बसताना पहिल्यांदाच चोरी केल्यासारखं वाटलं नाही.

झाई अजून लांब आहे. डहाणू आहे, बोर्डी आहे. मधे ओव्हरटाइम आहे, मी आहे. घरी दादाने विचारलं, "पोचलास?"

"नाही. वरोर."

"म्हणजे सुटलं."

"सुटलं नाही. सध्या भांग आहे."

दादाने आतल्या वहिनीला हाक मारली. "ऐकलं का? आता हा भांगही प्यायला लागला."

पिवळी बॅग दाराशीच ठेवली आहे, खाली केलेली नाही. तिच्यातून वरोरची वाळू गळते, आणि जाता येता दादाच्या पायाला लागते. तो चिडतो. चिडू दे.