मेश्राम सरांनी जे कुणाला सांगितलं नाही

मेश्राम सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. माझ्या हातातलं सर्किट त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “साठे, हे तुम्ही जोडलंत की आपोआप चिकटलं?” सगळे हसले. मग स्टूल ओढून ते शेजारी बसले आणि एकेक जोड उकलून मला पुन्हा करायला लावला. विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहो करत. टोमणा मारतानासुद्धा.

सर मूळचे चंद्रपूरकडचे. भोसरीतल्या एका कारखान्यात विजेच्या मोटरींचे कंट्रोल पॅनल बनवण्यात त्यांची वीस वर्षं गेली. खुलं धोरण आलं, बाहेरचा माल आला, कारखाना बंद पडला. त्यानंतर ते आमच्याकडे कंत्राटी निदेशक म्हणून लागले. शहरात आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आम्हा सगळ्यांना तिकडेच जायचं होतं. सरांनी रोबो क्लब काढून आम्हाला रोबो बनवायला लावलं. “कोड पडद्यावर चालतो त्याला काय किंमत? तो चाक फिरवतो का ते दाखवा,” असं ते म्हणत. बोटभर मायक्रोकंट्रोलरमध्ये आपण प्रोग्राम भरायचा, त्यानं स्पीड कंट्रोलरला हुकूम द्यायचा आणि स्पीड कंट्रोलरनं मोटर हळू किंवा जोरात फिरवायची, हे मी त्यांच्याकडून शिकले. आज मी त्याच विद्येवर जगते आहे.

पंच्याहत्तरीचा गौरवलेख इथवर सोपा असतो. पुढचं मला लिहायलाच हवं.

शेवटच्या वर्षी आम्ही स्पर्धेसाठी लढाऊ रोबो बनवला. समोर पोलादी चकती, ती गरगर फिरून दुसऱ्याचा रोबो फोडायची. प्रोग्राम माझा होता. त्यात सरांनी एक अट आग्रहानं घालायला लावली होती: रिमोटचा संदेश तुटला, तर मोटर ताबडतोब थांबली पाहिजे. पण सरावात संदेश क्षणभर जरी अडखळला, तरी चकती थांबायची. स्पर्धा तोंडावर आली होती. मी त्या ओळी तात्पुरत्या काढून टाकल्या. नंतर परत घालू म्हटलं, आणि विसरले.

दोन दिवसांनी सरावात चकती लाकडी फळीत रुतून अडकली. मी रिमोट बंद केला. सर पुढे झाले.

“बंद?”

“बंद, सर.”

शेजारी कॉम्प्रेसर चालू होता, मोटरची गुणगुण कुणाला ऐकू आली नाही. रिमोट बंद होता, पण माझा प्रोग्राम शेवटचाच हुकूम देत राहिला होता: पूर्ण वेग. सरांनी फळी उचकटली. चकती सुटली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात मी बाकावर बसून होते. सरांच्या पत्नी विमलताई आल्या. आत जाऊन त्यांना पाहून बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. “काऊन गं, सकाळपासून काही खाल्लं नाहीस म्हणे? ते आतून विचारून राहिले.” त्यांनी मला रिक्षात बसवून कर्वेनगरला घरी पाठवलं. त्याच रिक्षात मला त्या काढलेल्या ओळी आठवल्या.

चौकशी समिती बसली. मला विचारलं, “प्रोग्राममध्ये काही दोष होता?” माझ्या बॅगेत एका आयटी कंपनीचं नेमणूकपत्र होतं. मी “नाही” म्हणाले. समितीतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, “वर्कशॉपची माणसं, निष्काळजीपणा व्हायचाच.” मी ऐकलं आणि गप्प बसले. सरांनी डाव्या हातानं वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून दिलं: बॅटरी न काढता मी हात घातला, चूक माझी. सरांचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. आमचा क्लबही बंद झाला.

सात वर्षांनी मी बिबवेवाडीला त्यांच्या घरी गेले. घरातल्या एका खोलीत ते वस्तीतल्या मुलांना रोबो शिकवत होते. मुलं गेल्यावर मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “माहीत आहे. प्रोग्राम मी त्याच आठवड्यात वाचला. पानं उलटायला जरा वेळ लागला, एवढंच.”

“मग सांगितलं का नाही, सर?”

“बॅटरी मीच काढली नव्हती. ते खोटं नव्हतं. आणि तुमचं नाव घेऊन बोटं उगवली असती का?” मग म्हणाले, “पण माफी मागू नका. मला राग आहे तुमचा. चुकलात त्याचा नाही. ‘नाही’ म्हणालात, त्याचा.”

मी उठले. ते म्हणाले, “रविवारी या. या पोरांना प्रोग्राम लिहायला शिकवायचं आहे. मला फळ्यावर नीट लिहिता येत नाही.”

तेव्हापासून मी दर रविवारी जाते. सरांनी मला माफ केल्याचं आजतागायत कधी म्हटलेलं नाही. शिकवताना माझ्या चुका ते पोरांसमोर काढतात आणि माझ्या वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात रात्री जागायलाही तेच येत.

हा लेख छापायला देण्याआधी मी सरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. “विमलला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “छापील वाचण्याआधी तिला तुमच्या तोंडून कळू द्या.”

ज्या बाईंनी इतके रविवार मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, त्यांना मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला. म्हणाल्या, “त्यांच्या शर्टाची बटणं मी लावून देते. रोज.” आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतरचे तीन रविवार त्या माझ्यासमोर आलेल्या नाहीत. सर म्हणतात, “तिला वेळ लागेल. मला लागला होता.”

पंच्याहत्तरीनिमित्त सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, हे मागणं मी मनापासून मागते. विमलताईंसाठीही तेच मागते. मी रविवारी जात राहीन. दार उघडायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं.