दांड्याचा बाक

पहिली नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागली. पाठीवर अडकवून फवारणी करायचे पंप तिथं बनत. नव्या मालाची रचना करणाऱ्या खात्यात मी सगळ्यात धाकटा इंजिनिअर होतो. शहरातल्या उस्मानपुऱ्यातल्या कारकुनी घरातला मुलगा. कापूस पाहिला होता तो गादीतला किंवा वातीतला. पण ऐट अशी, की शेतकऱ्यांना पंप कसा लागतो ते आता मीच सांगणार.

पंप हलका चालावा म्हणून मी त्याचा दांडा लांब केला होता. कागदावर हिशेब चोख होता. नमुना तयार झाला तेव्हा टूलरूममधले मिस्त्री तो पाठीला लावून शेडमध्ये दोन फेऱ्या मारून आले. ते वैजापूरकडच्या शेतकरी घरातले, वयानं माझ्या काकांएवढे. पण कारखान्यात अजून ठेकेदाराच्या पटावर होते. दर सहा महिन्यांनी त्यांना घरी बसवत आणि पुन्हा घेत. आपल्याला एकदा कायम करावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "दांडा लई लांब झालाय. कपाशीच्या ओळीतून चालताना बोंडं झोडपून काढील ह्यो. पंपानं कीड मरंल, पर बोंडं खाली पडतील, त्याचं काय?"

मी हसलो. मिस्त्री हसले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी कडुलिंबाच्या लाकडाचा एक दांडा तासून आणला. कोपरापाशी आत, अंगाकडं वळलेला. लांबी तेवढीच, पण माणसाच्या बाहेर बोटभरही जात नव्हता. चालवून पाहिला आणि मी माझा दांडा काढून ठेवला. आमच्याकडं बऱ्याचदा असंच चालायचं. मिस्त्री हातानं नग करत आणि आम्ही त्याची मापं घेऊन मग ड्रॉइंग काढत. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सहीची चौकट असे. तिच्यात ड्रॉइंग काढणाऱ्याचं नाव येई, तासणाऱ्याचं नाही.

मोठे साहेब दांडा बघायला आले तेव्हा एकदम खूश झाले. शेडच्या मधोमध उभं राहून त्यांनी विचारलं, "हे डोकं कुणाचं? असा माणूस आपल्या खात्यात पाहिजे. बाहेरचा असला तरी कायम करून घेईन."

मिस्त्री चार पावलांवर चिंधीनं हात पुसत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझे प्रोबेशनचे दिवस होते, आदल्याच आठवड्यात एका चुकीवरून बोलणी खाल्ली होती. मी म्हणालो, "ड्रॉइंग माझंच आहे, सर."

खोटं नव्हतं. म्हणून तर इतक्या सहज तोंडातून निघालं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मिस्त्री लेथकडं वळले. त्यानंतर महिन्याभरानं त्यांची मुदत संपली, आणि त्या वेळी ठेकेदारानं त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

पुढं मी पंप सोडून स्कूटरच्या सुट्या भागांकडं गेलो, तिथून औषधांच्या बाटल्यांच्या झाकणांकडं, मग मिक्सरकडं. धंदे बदलले, पण दर मुलाखतीत गोष्ट तीच सांगितली: कापसाच्या ओळीत बोंडं पडू नयेत म्हणून मी दांड्याला बाक कसा दिला. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती, की बोंडं मीच पाहिली असं मला वाटायचं. आयत्या बिळावरचा नागोबा निदान बीळ आपण खणलं असं तरी म्हणत नाही.

निवृत्तीनंतर एका कॉलेजात, वेगवेगळ्या उद्योगांत नवा माल घडवण्याचं करिअर कसं करावं, यावर बोलायला गेलो. दांड्याची गोष्ट झाली. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, तुम्ही कुणाच्या शेतात फवारणी केली होती?"

मी म्हणालो, "वैजापूरकडं." त्या एका उत्तरानं मला स्वतःची शिसारी आली. त्या रविवारी वैजापूरची बस धरली.

विचारत विचारत गेलो, तेव्हा मोंढ्यासमोर, धान्याच्या बाजारापाशी, मिस्त्रींचं पंपदुरुस्तीचं दुकान सापडलं. मिस्त्री पार थकलेले, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. चहा मागवला. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, मुलाखती, ती मुलगी. मग माफी मागितली.

"मला कळलं व्हतं की तव्हाच," ते म्हणाले. "नवी नोकरी, भ्याले असताल. म्हणलं, आज नाय तर उद्या सांगतील. म्हणून तर महिनाभर डबा घेऊन तुमच्या टेबलापाशी येत व्हतो. मला घेऊन साहेबाकडं जायची पाळी आली, तर तुम्हाला हुडकत फिराया नको."

त्या महिन्याची जेवणं मला चांगली आठवत होती. कामगारांचा माझ्यावर किती जीव आहे, हे मी घरी कौतुकानं सांगत असे. त्यांच्या डब्यातली लसणाची चटणी मी रोज मागून घ्यायचो.