बिनदगडाची गोफण

आत्या गेल्याचा निरोप मार्गासनीला मी शिकवतो त्या शाळेत आला, तेव्हा माघ संपत आला होता. बैलगाडीने भोरचं घर गाठेपर्यंत सगळं उरकलं होतं. अंगणात बसलेली माणसं बघून मात्र मी चक्रावलो. आमचे भाऊबंद मोजके, आणि धरणाकाठचे शेतकरी बायकापोरांसह ओळीने बसलेले. एका सोवळ्या, निपुत्रिक बाईसाठी एवढी माणसं! त्या दुःखातही माझी छाती फुगली, ती महिना झाला तरी खाली यायला तयार नाही.

वडिलांची ही थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली. घरातल्या कुठल्याही लेकीच्या पाठवणीला तिने पुढे यायचं नाही, असा रिवाज. पुढे भाटघरच्या धरणात पाणी साचलं, थंडीत पाहुणी पाखरं उतरू लागली, आणि आत्याला हक्काच्या माहेरवाशिणी मिळाल्या. राखी रंगाचे, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे हंस फाल्गुन-चैत्रात उत्तरेला निघत, तेव्हा ही काठावर उभी राहून म्हणायची, "परत या गं बायांनो!" लोक हसत. हसेनात का!

पण पाठवणीला पाखरं उरायला हवीत ना... काठावरच्या कोंडिबाची चांगली जमीन धरणात गेलेली. पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी गाळाची पट्टी, तेवढाच त्याला आधार. त्यातला हिरवा हरभरा हंस पहाटे उतरून फस्त करायचे. एका वर्षी त्याने ठासणीची बंदूक घेतलेला माणूस आणला. आत्या सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, बाजूला व्हा," कोंडिबा म्हणाला. "पाखरं पिकावर पोसली तर माजी पोरं काय खात्याल?"

"खरं आहे तुझं. मग राखण मी करते. हरभरा गेला तर खुशाल बार काढ."

घरात भडका उडाला. सोवळ्या बाईने शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं हाकायची? "लोक तोंडात शेण घालतील," वडील ओरडले. "घालू देत. धुऊन टाकीन," आत्या म्हणाली आणि पहाटे चालत शेतावर गेली.

गोफण तिला कोंडिबाच्या बायकोने शिकवली. पहिल्या दिवशी गोफण आत्याच्या स्वतःच्याच कानशिलात बसली. पण आत्याने गोफणीत दगड म्हणून कधी घातला नाही. रिकामी गोफण गरगरा फिरवून असा काही फटकारा काढायची, की अख्खा थवा उठून पाण्यात जाऊन बसे. काठच्या गवतात चरणाऱ्यांना मात्र ती हात लावत नसे. हरभरा घाट्यांनी लगडला, आणि हंस निघाले ते सगळेच्या सगळे. राजगडाच्या अंगाला ते दिसेनासे होईपर्यंत ती हात हलवत होती. मागे कोंडिबाही उभा होता. पुढे दरवर्षी तोच बोलवायला यायचा.

परवा मी काठावर गेलो. शहरातून दोघे हौशी शिकारी मोटारीने आले होते. पाठीत वाकलेला कोंडिबा त्यांना अडवत होता.

"जागा काय तुझ्या बापाची आहे?" एकाने दरडावलं.

"बापाची पान्याखाली गेली, सायेब. ही आमच्या आत्याबाईंची हाय."

मी कोंडिबाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. "मी त्यांचा भाचा," असं आयुष्यात इतक्या ताठ मानेने कधी सांगितलं नव्हतं. बंदुका आल्या वाटेने परत गेल्या.